दात वाढू न देणारी मथुराक्का

हात सैल सोड, पोरी. अगं, सैल म्हणजे सैल! अशी मूठ आवळून बसलीस तर बांगडी चढायची कशी? बांगडीकडं बघू नकोस, माझ्या तोंडाकडं बघ. आमच्या शीळवाडीच्या जत्रेत कासारीण गोष्ट सांगितल्याशिवाय बांगडी भरत नाही, तुला ठाऊक नाही वाटतं? आणि मघाशी ती जिलबी एकाच गालानं चघळत होतीस, तेही मी पाहिलंय. त्याचं मागाहून बघू. तुम्हीपण बसा गं सगळ्या, उभ्यानं काय ऐकताय! ओ पाव्हणं, तुम्हालाही ऐकायचं तर ऐका, पण माझा उजेड सोडून बसा.

तर, फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते मला विचारायचं नाही, माझ्या आजेसासूलाही सांगता आलं नव्हतं. तेव्हा या गावाला शीळवाडी म्हणत नव्हते, नुसती खडकवाडी म्हणत. मागं हाच डोंगर होता, वर हेच पठार होतं, पठाराच्या टोकाला तो सरळ तुटलेला कडा होता आणि खाली गावात माणसं होती. माणसं होती म्हणजे त्यांना दात होते, आणि दात होते म्हणजे ते किडायचेही.

दात किडला की जायचं कुठं? केरबा सुताराकडं. दुसरा इलाजच नव्हता. केरबा माणूस वाईट नव्हता हो, उलट फार मायाळू. पण त्याची समजूत अशी, की दातात किडा असतो. तो डोळ्यांनी दिसत नाही, कारण आपण बघायला लागलो की तो आत पळतो. मग करायचं काय? तर तो पळेल तेवढं आपण त्याच्यामागं जायचं! आणि कशानं जायचं? गिरमिटानं. ज्या गिरमिटानं तो नांगराला भोकं पाडायचा, त्याच गिरमिटानं. दोघांनी हात धरायचे, एकानं डोकं धरायचं, आणि केरबानं दोरी ओढायची. घर्रर्र! घर्रर्र! त्या आवाजानं वेशीबाहेरच्या म्हशी पान्हा चोरायच्या, असं म्हणतात. आणि किडा? तो काही कधी सापडला नाही. दात मात्र जायचा. केरबा मग कळवळून म्हणायचा, "निसटला गा! थोडक्यात निसटला!"

निम्मं गाव भाकरी दुधात कुस्करून खायचं. हसताय काय? तुमच्या पणजोबांचं सांगते आहे मी.

आता याच गावात धुळा नावाचा एक धनगर होता. त्याचं अंग असं काटकुळं, की वारा सुटला तर घोंगडीच्या वजनानंच जमिनीवर राहायचा. पण त्याच्या वरच्या दोन दातांत देवानं एक फट ठेवली होती, आणि त्या फटीतून तो शीळ घालायचा. अहाहा! ती शीळ म्हणजे काय सांगू! ती पहिल्यांदा गावावरून जायची, मग डोंगर चढायची, मग पठारभर पसरायची. घिरट्या घालणारी घार ऐकायला थांबायची, ओढ्याचं पाणी दोन पावलं मागं यायचं, असं म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. पण मेंढरं वळायची हे तर खरंच. सगळ्या गावाची मेंढरं त्याच्याच कळपात असायची. कुणाच्या घरची चार, कुणाची दहा. धुळा खाली देवळाच्या कट्ट्यावर बसून शीळ घालायचा आणि वर पठारावरची मेंढरं त्या शिळेवर चालायची, बसायची, घरी यायची. दुसऱ्या कुणी शीळ घालून बघितली की मेंढरं नुसती तोंड वर करून बघायची आणि परत चरायला लागायची.

आता कळलं? त्या दोन दातांतल्या एवढ्याशा फटीवर सगळं गाव जगत होतं. लोकर त्या फटीतून यायची, दूध त्या फटीतून यायचं. घोंगड्या त्या फटीतून यायच्या म्हणा ना!

आणि नेमका तिथंच धुळाचा दात किडला.

आधी नुसता काळा ठिपका होता. मग ठिपक्याचा खड्डा झाला. मग शिळेत फस् फस् असा वारा यायला लागला. एक दिवस धुळानं शीळ घातली आणि अर्धी मेंढरं वळली, अर्धी वळलीच नाहीत. धुळा पांढराफटक पडला. वरून ठणका असा, की गार पाणी लागलं तरी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. गाव म्हणालं, केरबाकडं जा. धुळा म्हणाला, "केरबानं गिरमिट घातलं तर दातबी जाईल आन् शीळबी जाईल. मंग मी काय गाढवं हाकू?" खरंच होतं ते. इकडं आड तिकडं विहीर अशी त्याची गत झाली. बिचारा गालावर हात धरून कट्ट्यावर बसून राहायचा आणि कळपाकडं बघून डोळे पुसायचा.

पोरी, दुसरा हात दे आता. सैल, सैल. हं.

त्याच गावात मथुरा कासारीण होती. तिला सगळे मथुराक्का म्हणत. ती आमच्यातलीच, म्हणून कौतुक करते असं समजू नका. तिचा हात म्हणजे हातच होता. खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन ती दहा गावं फिरायची. केवढंही जाड मनगट असो, काम करकरून दगड झालेला पंजा असो, मथुराक्का त्यावर बेताची बांगडी चढवायची आणि काच तडकायची नाही. कसं जमायचं? ती म्हणायची, "हाताशी भांडू नये गं. हाताला पटवावं." मग अंगठा इथं ठेवायचा, बोटं अशी दुमडायची, तोंडानं एखादी गोष्ट सांगायची. ऐकता ऐकता हात मऊ पडायचा आणि बांगडी आपल्या घरी गेल्यासारखी वर जायची. आयुष्यात तिच्या हातून एक बांगडी वाढली नव्हती.

वाढली म्हणजे काय, हे कळलं ना सगळ्यांना? तू शहरातली दिसतेस म्हणून सांगते. बांगडीला कधी फुटली म्हणायचं नाही. अभद्र असतं ते. फुटली तरी म्हणायचं, वाढली. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. आम्हा कासारांच्या तोंडी तर दुसरा शब्दच नाही. मडकं, आरसा, पाटी, जे फुटेल ते वाढतं! हा शब्द लक्षात ठेव, पुढं याच शब्दानं घोटाळा केला.

तर मथुराक्काचीही एक दाढ किडली होती. आणि बाई केरबाच्या गिरमिटाला घाबरायची, चांगली चळचळा कापायची. अशीच एकदा घरी मटण शिजवायला बसली. एडका म्हातारा, मटण चामड्यासारखं वातड. तिनं नेहमीसारखी परसातली कच्ची पपई चिरली आणि मटणाला चोळली. घटकाभरात मटण लोण्यासारखं झालं. बोटाला चीक लागला होता, तो तिनं वेळीच पुसला नाही, तर बोटावरचं मेलेलं कातडं मऊ होऊन निघून आलं आणि खालचं जितं कातडं नुसतं चुरचुरलं. मथुराक्का त्या बोटाकडं बघतच राहिली. म्हणाली, "अगं बया! हा चीक मेलेलं तेवढं मऊ करतो आणि जित्याला सोडतो. मग माझ्या दाढेतलं तरी दुसरं काय आहे?"

झालं! चूल तशीच सोडून ती उठली. कापसाच्या बोळ्यावर चिकाचा एवढासा थेंब घेतला आणि दाढेत ठेवला. कमरेच्या जुडग्यात पितळी कानकोरणं होतं, ते राखेनं घासून, उकळून घेतलं. त्याची ती इवलीशी वाटी तिनं दाढेत हलकेच फिरवली. काय आलं असेल? काळं, मऊ, खरवडीसारखं! ते निघालं आणि खाली टणक दात लागला. कानकोरणं त्यावर टिक टिक वाजलं. मग बांगड्यांना लावायची स्वच्छ लाख कोमट पाण्यात मऊ करून तिनं खड्डा बुजवला. त्या दिवशी मथुराक्कानं म्हाताऱ्या एडक्याचं मटण त्याच दाढेनं चावून खाल्लं आणि परसात एकटीच नाचली, असं म्हणतात!

तुम्ही कुणी घरी जाऊन चीक लावू नका हं. तोंड सोलून निघेल. तो हात मथुराक्काचा होता, तुमचा माझा नाही.

मग तिला धुळाची आठवण झाली. फेरीला निघायच्या माळा खांद्यावर टाकून ती कट्ट्यावर गेली आणि त्याला म्हणाली, "आ कर." धुळानं आ केला. तिनं अंगठ्यानं ओठ वर केला, निरखून बघितलं आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "अरे देवा! हा तर आता वाढायला आलाय!"

बायकांना कळलं असतं. पण धुळा सगळा जन्म डोंगरावर मेंढरांबरोबर राहिलेला. तो म्हणाला, "वाढायला?"

"मग! असाच ठेवलास तर चार दिवसांत वाढेल. बस इथंच, मी चीक आणि लाख घेऊन येते."

ती घराकडं वळली आणि धुळाला दरदरून घाम फुटला. दात वाढणार! ओठाबाहेर येणार! हनुवटीपर्यंत येणार! रानडुकरासारखा सुळा घेऊन आपण गावात हिंडायचं? मग शीळ कसली आणि काय कसली! त्यानं घोंगडी टाकली आणि धावत सुटला तो थेट केरबाच्या दारात. "केरबातात्या, घासा! आत्ताच्या आत्ता घासा! आक्का म्हणती दात वाढायला आलाय!"

केरबाला काय, आनंदच झाला. त्यानं धुळाच्या दाताला दोरी लावून मापसुद्धा घेतलं, आणि मान हलवून म्हणाला, "खरंच की रं. शेजारच्यापेक्षा जरासा लांब हाय." मग त्यानं कानस काढली. कानस हातात घेतल्यावर त्याला आणखी दया आली. म्हणाला, "आलाच हायेस तर आधी गिरमिट घालून किडाबी बघू आन् मंग घासू. एका फेरीत दोन कामं." आणि शेजारच्या दोघांना हाक मारली, हात धरायला.

मथुराक्का परत कट्ट्यावर आली तर धुळा नाही. नुसती घोंगडी पडलेली. तेवढ्यात सुताराच्या अंगणातून आवाज आला, घर्रर्र! केरबा दोरी चालते का ते बघत होता. मथुराक्कानं तो आवाज ओळखला. ती पळत सुटली. खांद्यावर बांगड्यांच्या माळा तशाच होत्या. लोक बाजूला व्हायला लागले. सुताराच्या दारात पोचेपर्यंत तिचा पाय ढलपीवर पडला, ती घसरली आणि सगळ्या माळा खाली! खळ्ळकन! हिरव्या, लाल, मोरपंखी, सगळ्या! अंगणभर काचच काच!

सगळं गाव धावत अंगणात आलं. जिच्या हातून एक बांगडी कधी गेली नव्हती, तिच्या सगळ्या माळा गेल्या होत्या. मथुराक्का त्या काचांत बसली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "वाढल्या रे, वाढल्या! सगळ्या वाढल्या!"

दोघांनी हात धरलेला धुळा त्या काचांकडं बघायला लागला. मग त्यानं मथुराक्काकडं बघितलं. मग केरबाच्या गिरमिटाकडं बघितलं. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आक्का! वाढनं म्हंजी हे व्हय? म्हंजी माझा दात फुटायला आलाय?"

"तोंड आवर! फुटला म्हणू नये. वाढायला आलाय!"

धुळानं हात धरणाऱ्यांना असा हिसडा दिला, की दोघंही भुशात जाऊन पडले. "तात्या, तुमचं गिरमिट ऱ्हाऊ द्या!" तो ओरडला आणि त्या काचांमधून वाट काढत मथुराक्कापुढं जाऊन बसला. "आक्का, तुमच्या बांगड्या माझ्यापायी गेल्या. आता दात तुमचा. काय करायचं ते करा."

आणि मथुराक्कानं केलं. तिथंच, सुताराच्या अंगणात, भर दिवसा, सगळ्या गावासमोर. चिकाचा थेंब ठेवला आणि धुळाला गोष्ट सांगायला लागली. थोड्या वेळानं कानकोरणं फिरवलं. पुन्हा थेंब, पुन्हा गोष्ट. धुळाचं तोंड सैल, हात सैल, पाय सैल. ठणका लागेल म्हणून त्यानं सुरुवातीला जे डोळे मिटले ते तसेच राहिले, आणि मध्येच घोरलाही म्हणतात. कुणी हात धरलेले नाहीत, कुणी डोकं दाबलेलं नाही! केरबा गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होता. फडक्यावर जे काळं निघत होतं त्यात तो काडीनं किडा शोधत होता. शेवटी म्हणाला, "आक्का, किडा कुठाय?"

"नव्हताच, तात्या. मेलेलं होतं, तेवढं काढलं. जितं आहे ते आहे तिथंच आहे."

केरबानं हातातली काडी टाकून दिली. इतकी वर्षं तो कुणामागं धावत होता?

मग मथुराक्कानं खड्ड्यात लाख भरली. इतकी जपून भरली, की फटीला धक्का लावला नाही आणि फट बुजवलीही नाही. भरून झाल्यावर म्हणाली, "उद्या सूर्य उगवेपर्यंत लाख धरायची नाही. तोवर शीळ घालायची नाही. घातलीस तर लाखही जाईल आणि दातही वाढेल. आता तरी कळलं ना?" धुळानं तोंड न उघडता मान हलवली. सगळं गाव हसलं.

आणि तेवढ्यात पठारावर धूर दिसला.

वणवा! फाल्गुनाचे दिवस, गवत वाळून काडी झालेलं, वारा पश्चिमेचा. बघता बघता पठाराच्या अर्ध्या अंगाला आग धावली. मेंढरं वर होती! कुत्री भुंकत होती, पण मेंढरं भेदरली होती आणि आगीपासून दूर पळत होती. आणि दूर म्हणजे कुठं? कड्याकडं! खालून सगळं दिसत होतं. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा लोंढा कड्याच्या टोकाकडं चालला होता. मध्ये एकच वाट होती, पाणंदीची, आगीच्या आणि कड्याच्या मधून खाली उतरणारी. पण मेंढरांना ती कोण सांगणार? डोंगर चढायचा म्हणजे चांगला वेळ जायचा. तेवढ्या वेळात तिथं फक्त एकच गोष्ट पोचू शकत होती. शीळ!

बायका रडायला लागल्या. बापे नुसते डोक्याला हात लावून उभे. सगळ्यांच्या नजरा धुळाच्या तोंडाकडं. पण शीळ घातली तर दात जाणार. एकदा गेला की आज मेंढरं वाचली तरी उद्यापासून हा माणूस मुका. कुणी त्याला घाल म्हणेना आणि नको म्हणेना.

धुळानं वर बघितलं. मग मथुराक्काकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाला, "आक्का, वाढला तर वाढू द्या!"

आणि त्यानं छातीत वारा भरला.

"थांब!" मथुराक्का ओरडली. "माझ्या देखत वाढू देईन होय!" ती झेपावली आणि जसा बांगडी चढवताना हाताला खालून आधार देतात, तसा तिनं आपल्या बोटांचा आधार त्या दाताला आतून दिला. दोन बोटं! सरळ धुळाच्या तोंडात! "आता घाल! माझी बोटं मोडली तरी चालतील, घाल!"

आणि धुळानं शीळ घातली.

देवा रे देवा! ती शीळ! त्या दोन बोटांमधून वारा असा फुटला, की आधीची शीळ म्हणजे तिच्यापुढं पोराची पिपाणी वाटावी. कट्ट्यावरची घंटा आपोआप वाजली. झाडावरचे सगळे कावळे एकदम उडाले. केरबाच्या हातातलं गिरमिट थरथरलं. ती शीळ डोंगरावर चढली, पठारावर गेली, आगीच्या ज्वाळाही दोन घटका मागं वाकल्या, असं म्हणतात. आणि कड्याच्या टोकावर पोचलेला पहिला एडका जागच्या जागी थांबला! कान टवकारले, वळला, आणि त्याच्यामागं सगळा लोंढा वळला! "वळली! वळली!" गाव ओरडायला लागलं. धुळानं पुन्हा शीळ घातली. मेंढरं पाणंदीला लागली. पुन्हा घातली. मेंढरं उतरायला लागली. मथुराक्काची बोटं दाताला धरून तशीच होती, तिच्या मनगटावरून धुळाची लाळ आणि आसवं ओघळत होती आणि ती एकीकडं हसत होती, एकीकडं रडत होती.

शेवटचं कोकरू वेशीत आलं तेव्हा तिनं बोटं काढली. मग धुळाचा ओठ वर करून बघितलं. सगळं गाव वाकून बघायला लागलं.

"लाख जिथल्या तिथं," ती म्हणाली. "दात वाढला नाही!"

काय गलका झाला म्हणून सांगू! कुणी भंडारा उधळला, कुणी ढोल काढला. माणसं आश्चर्यानं तोंडात बोटं घालतात ना? ते त्या दिवसापासून, असं आमच्याकडं म्हणतात. आणि तोंडात बोटं घालून शीळ घालायची रीतही जगात तिथूनच सुरू झाली. तुमच्या गावची पोरं खेळ बघताना घालतात ना तशी? ती शीळ आमच्या मथुराक्काची! विसरू नका.

आणि केरबा? तो दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत मथुराक्काच्या दारात हजर! म्हणाला, "आक्का, माझी दाढ कितीतरी वर्षं दुखतीया." सगळ्या गावाच्या तोंडात गिरमिट घालणारा तो बाबा, स्वतःच्या तोंडात घालायला कधी धजला नव्हता! मथुराक्का इतकी हसली, की तिला चिकाचा थेंब धरता येईना. दाढ बरी झाली तेव्हा केरबानं गिरमिट नेऊन तिच्या परसातल्या पपईला टेकवलं आणि शपथ घेतली, की यापुढं हे लाकडालाच लागेल.

धुळा म्हातारा होऊन गेला तेव्हाही तो दात जागेवर होता. मथुराक्का मात्र गेली कशी ते कुणी बघितलं नाही. एका जत्रेला खांद्यावर नव्या माळा घालून ती पाणंदीनं वर गेली आणि पठारावर नुसती किणकिण ऐकू येत राहिली. अजूनही कुणाच्या दुखऱ्या दातावर कुणी मऊ हातानं काम करत असलं, की जवळपास कुठंतरी बांगड्या वाजतात, असं म्हणतात. मी स्वतः ऐकल्यात. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका.

म्हणून आमच्या गावाचं नाव शीळवाडी. म्हणून आमच्या जत्रेत पालखी उठायच्या आधी सगळं गाव त्या पपईच्या बियांतून उगवलेल्या पपईपुढं उभं राहतं आणि दोन बोटं तोंडात घालून शीळ घालतं. बायासुद्धा! म्हाताऱ्यासुद्धा! एरवी बाईनं शीळ घालू नये म्हणणारे आमचे सासरे त्या दिवशी सुनांना शिकवतात. आमचे सुतार नवं गिरमिट आणलं की आधी पपईला टेकवतात आणि म्हणतात, लाकडाला लाग, दाताला नको. लहान पोरांचे दुधाचे दात आम्ही तिच्याच मुळाशी ठेवतो. आणि इथं कुणाचा दात कधी पडत नाही. पडला तरी वाढतो. तालुक्याला दातांची डॉक्टरीण आहे, ती पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या माणसांनी तिला सांगितलं, "बाई, माझे चार दात वाढलेत." ती बिचारी बॅटरी घेऊन तोंडात लांब दात शोधत बसली! आता ती शहाणी झाली आहे. आमचा माणूस खुर्चीत बसला, की आधी हातावर हात ठेवून म्हणते, "घाबरू नका, वाढू देणार नाही." तिच्याकडं पपईचं मलमसुद्धा आहे म्हणे. जिथं चालतं तिथं ती मशीन न लावता नुसतं ते लावून खरवडते.

हं. हात बघ आता.

बघ की! दोन्ही मनगटं भरली. कधी चढल्या कळलं तरी का? बेताच्या मापाच्या आहेत, आणि एकही वाढली नाही. दुखलं नाही ना? मग आता दुसरं दुखतंय ते सांग. कुठली दाढ? डावी ना? आईला सांगितलं नाहीस, मशीनच्या आवाजाला घाबरतेस, होय ना? रडतेस काय वेडे! केरबा सुतार घाबरला होता, मथुराक्का स्वतः घाबरली होती, तू कोण मोठी लागून गेलीस!

उद्या सकाळी तालुक्याला जायचं. डॉक्टरणीला सांगायचं, शीळवाडीच्या कासारणीनं पाठवलंय, माझा दात वाढू देऊ नका. ती समजेल. आणि आता ऊठ, पालखी निघायची वेळ झाली. ते बघ सगळे उभे राहिले. घाल दोन बोटं तोंडात. अगं, अशी नाही. सैल. हं, आता घाल!